वटवाघळांमुळे कोणते आजार होतात, कोणते होत नाहीत? झाड तोडण्याआधी एवढं वाचा

खोडाळा : केरळमध्ये निपाहचा रुग्ण सापडल्याची बातमी आली, की आपल्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वटवाघळांचे फोटो फिरायला लागतात. मग गावात चर्चा होते. वडावरची वटवाघळं हुसकावायची का, फटाके लावायचे का, की झाडच तोडून टाकायचं? दुसरीकडं काही लोक असेही आहेत, जे वटवाघूळ मारून खातात किंवा त्याचं तेल सांधेदुखीवर चोळतात आणि म्हणतात, आम्हाला तर काही झालं नाही.

या दोन्ही बोलण्यात धोका आहे. वटवाघळांपासून काही गंभीर आजार होऊ शकतात, हे खरं आहे. पण त्यांना मारून किंवा हुसकावून हे आजार कमी होत नाहीत, उलट वाढू शकतात, हेही तितकंच खरं आहे. मोखाडा-जव्हार भागातल्या लोकांना उपयोगी पडेल अशी माहिती इथं एकत्र दिली आहे.

आपल्याकडची वटवाघळं

भारतात वटवाघळांच्या सव्वाशेहून जास्त जाती आहेत. आपल्या समजुतीसाठी त्यांचे दोन गट पुरे.

पहिला गट फळखाऊ. मोठ्या वडा-पिंपळावर, आंब्यावर दिवसा उलटी लटकलेली दिसतात ती यातली सर्वांत मोठी. पंख पसरले तर एक मीटरहून जास्त रुंदी भरते आणि वजन दीड किलोपर्यंत जातं. तोंड कोल्ह्यासारखं असल्यामुळं त्यांना उडता कोल्हाही म्हणतात. याच गटातली मध्यम आकाराची काही वटवाघळं गुहांमध्ये राहतात, तर लहान जाती ताडाच्या किंवा केळीच्या पानाखाली लपतात.

दुसरा गट किडेखाऊ. पडकं घर, जुनी विहीर, देवळाचा गाभारा, कौलांची फट अशा ठिकाणी राहणारी ही लहान वटवाघळं. काही लोक यांना पाकोळी म्हणतात. संध्याकाळ झाली की ती डास, पतंग, तुडतुडे पकडत फिरतात. भातपिकाला हा मोठाच आधार आहे. थायलंडमध्ये झालेल्या अभ्यासात वटवाघळं भातावरचे पांढऱ्या पाठीचे तुडतुडे मोठ्या प्रमाणात खातात, असं दिसून आलं आहे.

वटवाघूळ पक्षी नाही. ते आपल्यासारखं पिल्लाला दूध पाजणारं जनावर आहे. मोठ्या फळखाऊ वटवाघळाची मादी वर्षाला साधारण एकच पिल्लू देते. त्यामुळं एकदा थवा मारला, की तो भरून यायला खूप वर्षं लागतात.

निपाह म्हणजे काय?

निपाह हा विषाणू आहे आणि त्याचं नैसर्गिक घर म्हणजे फळखाऊ वटवाघळं. विषाणू अंगात असला तरी ती सहसा आजारी पडत नाहीत. त्यांच्या लाळेतून, लघवीतून आणि विष्ठेतून तो कधी कधी बाहेर पडतो.

माणसांमध्ये हा आजार पहिल्यांदा १९९८-९९ मध्ये मलेशियात ओळखला गेला. डुकरांच्या गोठ्याशेजारी फळबागा होत्या. वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली फळं खाली पडायची, ती डुकरं खायची. डुकरं आजारी पडली आणि त्यांच्याकडून माणसांना लागण झाली. शंभरहून जास्त माणसं दगावली आणि दहा लाखांहून जास्त डुकरं मारावी लागली. तिथल्या एका गावाच्या नावावरूनच निपाह हे नाव पडलं.

बांगलादेशात रोगाची वाट वेगळी निघाली. तिथं हिवाळ्यात खजुरीच्या झाडाला खाच पाडून रात्रभर मडकं बांधतात. वटवाघळं येऊन ती खाच चाटतात, मडक्यात लघवी करतात. सकाळी तोच कच्चा रस लोक पितात. तिथली लागण बहुतेक अशीच झाल्याचं आढळलं. रस आंबवून केलेली ताडी प्यायल्यानंही लागण झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे आंबलं की विषाणू मरतो, हा समज चुकीचा आहे.

भारतात २००१ मध्ये पश्चिम बंगालच्या सिलिगुडीत आणि २००७ मध्ये त्याच राज्यातल्या नदिया जिल्ह्यात निपाह आला. २०१८ मध्ये केरळच्या कोझिकोड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत १७ जणांचा बळी गेला. पेरांब्रा इथल्या तालुका रुग्णालयातल्या परिचारिका लिनी पुथुसेरी यांचा रुग्णसेवा करतानाच संसर्ग होऊन मृत्यू झाला. त्यानंतरही केरळमध्ये २०१९, २०२१, २०२३ आणि २०२४ मध्ये रुग्ण सापडले.

सिलिगुडी आणि केरळ दोन्हीकडं एक गोष्ट सारखी दिसली. एकदा माणसात आल्यावर निपाह जास्त करून पसरला तो दवाखान्यात आणि घरात, रुग्णाची जवळून सेवा करणाऱ्यांमध्ये. रस्त्यानं जाताना डोक्यावरून वटवाघूळ उडालं म्हणून कोणाला निपाह होत नाही.

महाराष्ट्रात निपाह आहे का?

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयव्हीच्या पथकानं मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळं तपासली. त्यातल्या तीसहून जास्त वटवाघळांच्या रक्तात निपाहविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि एकच गोंधळ उडाला. पुढं देशभर पाहणी झाली, तेव्हा महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ यांच्यासह नऊ राज्यांतल्या वटवाघळांमध्ये अशी प्रतिपिंडं आढळली.

याचा अर्थ नीट समजून घ्या. प्रतिपिंड सापडलं म्हणजे त्या वटवाघळाचा कधीतरी या विषाणूशी संबंध आला होता. ते आज विषाणू सोडत आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. महाराष्ट्रात वटवाघळापासून माणसाला निपाह झाल्याची नोंद नाही. पण विषाणू आपल्या राज्यातल्या वटवाघळांपर्यंत पोहोचलेला आहे, म्हणून सवयी बदलायच्या आहेत.

कोविडबद्दलही विचारलं जातं. २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं केरळ, तामिळनाडू, हिमाचल प्रदेश आणि पुदुच्चेरीतल्या वटवाघळांमध्ये कोरोना गटातले विषाणू सापडल्याचं सांगितलं होतं. पण ते कोविडचे विषाणू नव्हते. आपल्या गावात कोविड पसरला तो माणसाकडून माणसाला.

निपाहची लक्षणं

लागण झाल्यावर साधारण ४ ते १४ दिवसांत त्रास सुरू होतो.

- ताप, डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या
- काहींना खोकला आणि श्वास घ्यायला त्रास
- नंतर गुंगी, बडबड, माणूस न ओळखणं, झटके
- पुढं एक-दोन दिवसांत बेशुद्धी येऊ शकते

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १०० रुग्णांतले ४० ते ७५ दगावतात. यावर लस नाही आणि खात्रीचं औषधही नाही. लवकर दाखल होणं आणि रुग्णाला वेगळं ठेवणं, हेच हातात आहे.

आता महत्त्वाचं. मोखाडा-जव्हारमध्ये पावसाळ्यात ताप आला, तर तो मलेरिया, डेंगी, लेप्टो किंवा टायफॉइड असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. म्हणून वटवाघळाची भीती घेऊन घरी बसू नका आणि आधी भगताकडं जाऊन दिवसही घालवू नका. आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. तापासोबत बडबड, झटके किंवा शुद्ध हरपणं दिसलं, तर लगेच १०८ ला फोन करा. उष्टी फळं, कच्ची ताडी, वटवाघळाला हात लावणं किंवा केरळ-बंगालचा प्रवास यातलं काही घडलं असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. नाही सांगितलं तर त्यांना कळणार कसं?

रेबीज : चावलं, ओरखडलं तर

रेबीज म्हणजे पिसाळण्याचा आजार. जगात माणसांना होणारा ९९ टक्के रेबीज कुत्र्यांपासून येतो आणि आपल्याकडंही खरा धोका कुत्र्याचाच आहे. अमेरिका खंडात मात्र वटवाघळांपासून रेबीज होतो. भारतात नागालँडमधल्या काही वटवाघळांत रेबीजच्या गटातल्या विषाणूंविरुद्ध प्रतिपिंडं आढळली आहेत.

म्हणून वटवाघूळ चावलं किंवा त्याची नखं लागली तर:

- जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा
- हळद, चुना, तंबाखू, मिरची काहीही लावू नका
- त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. लस द्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील

वटवाघळाचे दात बारीक असतात, जखम दिसतही नाही. लहान पोरगं झोपलेलं असताना खोलीत वटवाघूळ सापडलं, तर त्याचं अंग नीट तपासा आणि शंका वाटली तर दवाखान्यात दाखवा.

विष्ठेतली बुरशी

पडक्या घरात, गुहेत वटवाघळांच्या विष्ठेचा थर साचतो. त्यात एक प्रकारची बुरशी वाढू शकते. सुकी विष्ठा झाडताना धूळ उडते आणि ती श्वासातून फुप्फुसात गेली, तर खोकला, ताप, छातीत दुखणं असा आजार होतो. काही वेळा डॉक्टरांनाही तो टीबीसारखा वाटतो.

ही विष्ठा खत म्हणून चांगली असते. काढायची असेल तर आधी पाणी शिंपडून ओली करा, नाका-तोंडाला मास्क किंवा दुहेरी फडकं बांधा आणि नंतर अंघोळ करा. पोरांना या कामाला लावू नका.

मारलं तर काय होतं? युगांडाचा धडा

आफ्रिकेत युगांडा देशात किटाका नावाची खाण आहे. २००७ मध्ये तिथल्या खाणकामगारांना वटवाघळांपासून मारबर्ग नावाचा जीवघेणा आजार झाला. त्यानंतर खाणीतली हजारो वटवाघळं मारून टाकण्यात आली. पुढच्या काही वर्षांत तिथं पुन्हा वटवाघळं आली. संशोधकांनी ती तपासली तेव्हा दिसलं, की आधी १०० पैकी साधारण ५ वटवाघळांमध्ये विषाणू होता, आता तो १३ मध्ये होता. २०१२ मध्ये त्याच भागात आजाराची पहिल्यापेक्षा मोठी साथ आली.

याचं कारण सोपं आहे. जुनी वटवाघळं मेली, की रिकाम्या जागेत बाहेरून तरुण वटवाघळं येतात. त्यांना आजार पूर्वी झालेला नसतो, त्यामुळं ती पटापट लागण घेतात आणि विषाणू जास्त सोडतात.

दुसरा धडा ऑस्ट्रेलियाचा. तिथं निपाहचाच भाऊबंद असलेला हेंड्रा विषाणू वटवाघळांकडून घोड्यांना आणि घोड्यांकडून माणसांना होतो. २५ वर्षांची माहिती गोळा करून शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवलं, की जंगल तुटल्यामुळं आणि फुलोरा न आल्यामुळं वटवाघळं उपाशी राहिली, की ती वस्तीजवळ येतात आणि तेव्हाच घोड्यांना जास्त लागण होते. ज्या हिवाळ्यात जंगलात भरपूर फुलोरा आला, त्या वेळी वटवाघळं जंगलात राहिली आणि आजार थांबला.

आपल्याला यातून घ्यायचं ते हेच. उंबर, जांभूळ, मोह, वड ही झाडं रानात शिल्लक राहिली, तर वटवाघूळ रानातच पोट भरेल. ती झाडं तुटली तर ते आपल्या आंब्यावर, पेरूवर आणि अंगणात येईल. वस्तीचं झाड तोडून किंवा फटाके लावून थवा उठवला, तर तो जवळच्या दुसऱ्या पाड्यावर जाऊन बसेल. घाबरलेली, उपाशी वटवाघळं जास्त धोक्याची असतात.

मोहाचं नातं

मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडं घरोघरी मोहाची फुलं वेचली जातात. फळखाऊ वटवाघळं रात्री मोहावर येतात. ती फुलाचा गोड भाग खातात आणि तेव्हा परागकण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. पुढं पिकलेलं फळ खाऊन बी लांब नेऊन टाकतात. ज्या मोहाच्या फुलांवर आणि बियांच्या तेलावर आपल्या घराचे दोन पैसे उभे राहतात, त्याची लागवड कोणी केलेली नाही. ती वटवाघळांनी आणि पाखरांनी केलेली आहे. जांभूळ आणि उंबराचंही तसंच आहे.

मोहाच्या फुलांमधून निपाह झाल्याचं उदाहरण नाही. तरी कुरतडलेली, ओलसर चिकट फुलं बाजूला काढावीत, बाकीची उन्हात कडक वाळवावीत आणि शिजवून किंवा भाजूनच खावीत. झाडाखाली पडलेलं फूल पोरांनी तसंच तोंडात टाकू नये. वेचून आल्यावर हात साबणानं धुवावेत.

घरी आणि शेतात काय करायचं

- चोच किंवा दात लागलेलं, खाली पडून फुटलेलं फळ खाऊ नका. उष्टा भाग कापून उरलेलं खाणंही नको. ते पुरून टाका, शेळ्या-डुकरांना घालू नका.
- चांगली फळं धुऊन, सोलून खा.
- आंबा झाडावर पूर्ण पिकू देण्यापेक्षा पाड लागला की उतरवून आढीत घाला. वटवाघळांचं नुकसान आपोआप कमी होतं.
- कच्ची ताडी, नीरा पिणं टाळा. जे उतरवतात त्यांनी खाच आणि मडक्याचं तोंड बांबूच्या चटईनं झाका. बांगलादेशात या साध्या झाकणानं वटवाघळं रसापर्यंत पोहोचत नाहीत, हे दिसून आलं आहे. रस उकळला तर विषाणू मरतो.
- वटवाघळं बसतात त्या झाडाखाली गुरं, शेळ्या, डुकरं बांधू नका, वैरण आणि पाण्याचं भांडं ठेवू नका.
- विहिरीत पाकोळ्या असतील तर पाणी उकळून प्या, ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर टाकून घ्या. विहिरीवर जाळी बसवायची असेल तर वटवाघळं संध्याकाळी बाहेर गेल्यावर बसवा. मे-जूनमध्ये आत पिल्लं असू शकतात, तेव्हा थांबा.
- घरात वटवाघूळ शिरलं तर दिवा मालवा, दार-खिडकी उघडी ठेवा. ते आपलं आपण निघून जातं.

खाणं आणि तेल

वटवाघळाचं मांस किंवा तेल सांधेदुखी, दमा बरा करतं याला कुठलाही आधार नाही. खरा धोका ते पकडताना, कापताना आणि साफ करताना असतो. रक्त, लाळ, लघवी सरळ हाताला लागते. पूर्वी फळखाऊ वटवाघळं कायद्यात उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती यादीच काढून टाकण्यात आली. म्हणजे त्यांना कोणीही मारावं, अशी आता मोकळीक नाही.

वटवाघळंही आजारी पडतात, मरतात

अमेरिकेत २००६ पासून वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी येण्याचा आजार पसरला. थंड गुहेत झोपलेली लाखो वटवाघळं त्यात मेली. हा आजार माणसाला होत नाही.

आपल्याकडं मोठी वटवाघळं जास्त करून विजेच्या तारांना चिकटून आणि उन्हाच्या तडाख्यानं मरतात. मे २०२० मध्ये उत्तर प्रदेशात गोरखपूरजवळ झाडाखाली वटवाघळांचा सडा पडला. कोविडचे दिवस होते, लोक हादरले. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेनं तपासणी केली तेव्हा कोविडही नव्हता आणि रेबीजही नव्हता. कडक उन्हानं मेंदूत रक्तस्राव होऊन ती मेली होती.

एखाद्या झाडाखाली बरीच वटवाघळं मेलेली दिसली तर हात लावू नका, कुत्र्यांना आणि पोरांना दूर ठेवा. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. तपासणी झाल्यावर पुरायची वेळ आली, तर हातमोजे किंवा जाड प्लॅस्टिक पिशवी हातात घालून, फावड्यानं उचलून खोल खड्ड्यात पुरा.

ग्रामसभेत काय मांडता येईल

झाड तोडण्याचा ठराव घेण्याऐवजी तीन साधे ठराव घेता येतील. वटवाघळांच्या झाडाखाली गुरं बांधायची नाहीत आणि पाणी भरायचं नाही. शाळेत पोरांना उष्टं फळ न खाण्याबद्दल आणि वटवाघळाला हात न लावण्याबद्दल वर्षातून दोनदा, आंब्याच्या आधी आणि जांभळाच्या आधी सांगायचं. आणि गावात अचानक ताप-झटक्याचे दोन-तीन रुग्ण एकाच घरात किंवा पाड्यावर दिसले, तर आशाताईंनी त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवायचं. या तिन्ही कामांना पैसा लागत नाही.